बटण आणि पटल यांची एकवाक्यता

परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये उघडला असता खिडकीच्या कडेस थरांचे पटल जोडलेले दिसते व मेनूत त्याच्या नावापुढे खूण असते. पटल स्वतःच्या फुलीने मिटले, तर ही खूणही गेली पाहिजे. पुष्कळ प्रोग्रामकार बटणाची अवस्था निराळ्या चलात साठवितात. मग पटल मिटूनही बटण दाबलेलेच राहते आणि ते दोनदा दाबावे लागते. वस्तुतः अवस्था एकच, ती पटलाची. क्यूजीआयएस ज्या क्यूटीवर उभारलेले आहे, तीत प्रत्येक पटल 'टॉगलव्ह्यूॲक्शन' ही क्रिया स्वतःच पुरविते. मेनू व बटण या दोहोंस तीच जोडावी. 'व्हिजिबिलिटीचेंज्ड' या संकेतावर विसंबणे धोक्याचे: दोन पटले एकाच जागी टॅबरूपाने रचली, की मागचे पटल मिटलेले नसतानाही ते अदृश्य झाल्याचे तो संकेत कळवितो.