मुतखडा : कळ थांबली तरी अडथळा उरतो

कुशीतून उठून जांघेकडे सरकणारी असह्य कळ, मळमळ आणि लघवीतून रक्त ही मुतखड्याची परिचित लक्षणे होत. इंजेक्शनाने कळ थांबते, रुग्ण कामाला लागतो आणि पुढील तपासणी लांबणीवर पडते. खरा धोका येथेच असतो.

मूत्रपिंडातील मूत्र मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते. ही नळी सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांब, परंतु अवघी ३ ते ४ मिलिमीटर रुंद असते. उगमाशी, ओटीपोटातील मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना ती अधिकच अरुंद होते. खडा बहुधा येथे अडकतो. मागे मूत्र साचून मूत्रपिंड फुगते. काही काळाने त्या बाजूचे मूत्रपिंड मूत्र कमी तयार करू लागते. दाब घटतो आणि वेदना ओसरते. दुसरे मूत्रपिंड काम सांभाळत असल्याने लघवीही नेहमीसारखी होते. अशा स्थितीत काही आठवडे गेले, तर अडलेल्या मूत्रपिंडाची कायमची हानी होऊ शकते.

५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतांशी आपोआप पडतात; १० मिलिमीटरहून मोठे क्वचितच पडतात. कळ चालू असताना भरमसाट पाणी पिऊन खडा ढकलता येतो, ही समजूत निराधार आहे. १९८० मध्ये म्युनिक येथे ध्वनिलहरींच्या आघाताने खडा फोडण्याचा उपचार प्रथम रुग्णावर करण्यात आला. आज दुर्बिणीद्वारेही खडे काढले जातात.

मात्र वेदनेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा रुग्णास एकच मूत्रपिंड असेल, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. अडलेल्या मूत्रात जंतुसंसर्ग झाल्यास केवळ औषधे पुरत नाहीत. नळी घालून मूत्राला वाट करून द्यावी लागते.

एकदा खडा झालेल्यांनी दिवसाकाठी किमान २ ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. लोणची, पापड यांतील मीठ आवरावे. दूध मात्र स्वतःहून बंद करू नये. आणि कळ थांबल्यावरही, खडा पडल्याची खात्री तपासणीने करून घ्यावी. वेदना नाहीशी होणे म्हणजे खडा नाहीसा होणे नव्हे.