स्वराची उंची कान कशी ओळखतो?

तार सेकंदाला जितक्या वेळा कंप पावते, ती तिची वारंवारता, मोजमाप हर्ट्झमध्ये. वारंवारता वाढली की स्वर चढतो. इथवर शाळेतलंच आहे, पण खरी गंमत पुढे सुरू होते.

काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य सा साधारण 139 हर्ट्झचा असतो, तार सा 277, अतितार सा 554. पहिली उडी 138 ची, दुसरी 277 ची, तरी कानाला दोन्ही सारख्याच वाटतात, एकेका सप्तकाच्या. कारण कान पटीचा हिशेब ठेवतो. खर्जातल्या सा वरून, म्हणजे 69 वरून, 10 हर्ट्झ वर गेलात की शुद्ध रे सुद्धा मागे पडतो. तार सा वरून तेवढेच चढा, कोमल रे देखील गाठता येत नाही!

आता याहून भारी गोष्ट. पुरुषाच्या बोलण्याची मूळ वारंवारता 120 हर्ट्झच्या आसपास असते. जुने लँडलाइन फोन 300 च्या खालचं जवळजवळ काहीच पुढे पाठवत नसत. तरी वडिलांचा आवाज वडिलांसारखाच जड ऐकू यायचा. तारेवरून यायचे ते त्याच आवाजाचे 360, 480, 600 असे वरचे उपस्वर, म्हणजे 120 च्या पटी. त्यांच्यातलं 120 चं समान अंतर पकडून मेंदू गायब झालेला मूळ स्वर स्वतःच उभा करतो. म्हणजे वारंवारता यंत्रानं मोजता येते, पण स्वराची उंची ठरते ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात.

मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर काळी एकचा तानपुरा लावून बघा. त्यातून 69 हर्ट्झ जेमतेमच बाहेर पडतात, पण खर्जाची तार तुम्हाला नक्की ऐकू येईल.