आयटीआय झालं, पुढं काय?

पोरगं आयटीआय झालं की घरचे विचारतात, "लागला का कुठं?" मधल्या पायरीची आठवण फार थोड्यांना असते. ती म्हणजे शिकाऊ उमेदवारी, बोलीत अप्रेंटिस. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावे लागतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांसाठी याचा अर्थ एसटीची कार्यशाळा, महावितरण, वणीकडच्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणी. विद्यावेतन मिळतं, हात बसतो. मात्र शिकून झाल्यावर कायम नोकरी देण्याचं बंधन मालकावर नसतं. हे आधीच ठाऊक असलेलं बरं, नाहीतर वर्षाअखेर घरात रुसवेफुगवे ठरलेले.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी. २०२४मध्ये ती आली तेव्हा बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये ठरले. पैसे थेट बँक खात्यात. त्यामुळे आधार जोडलेलं खातं आधी तपासा, फॉर्म मग भरा.

शिकायचंच असेल तर दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.