राजसंमती आणि राजाची सदसद्विवेकबुद्धी

संविधानबद्ध राजसत्तेत कायद्याला राजाने द्यावयाची संमती हा त्याचा अधिकार होय की केवळ कर्तव्य, हा प्रश्न एरवी तात्त्विक वाटतो. बेल्जियममध्ये १९९० साली तो प्रत्यक्षात उभा राहिला.

गर्भपातावरील निर्बंध शिथिल करणारे विधेयक संसदेने संमत केले. परंतु त्यावर स्वाक्षरी करणे आपल्या सदसद्विवेकबुद्धीस मान्य नाही, असे राजे बोदुआँ यांनी पंतप्रधान विल्फ्रीड मार्टेन्स यांना पत्राने कळविले. राजा राज्य करण्यास असमर्थ ठरल्यास काय करावे, याची तरतूद १८३१ च्या संविधानात होती. दुसऱ्या महायुद्धात लिओपोल्ड तिसरे शत्रूच्या ताब्यात गेले, तेव्हा तिचा उपयोग झाला होता. ४ एप्रिल १९९० रोजी मंत्रिमंडळाने तिचाच आधार घेऊन कायदा स्वतः जारी केला. ५ एप्रिलला संसदेने राजाचे अधिकार पूर्ववत केले.

लक्झेंबर्गने निराळा मार्ग पत्करला. तेथील ग्रँड ड्यूक आँरी यांनी २००८ मध्ये दयामरणाच्या विधेयकास संमती नाकारताच, २००९ मध्ये संविधान दुरुस्त करून संमतीचा अधिकारच काढून टाकण्यात आला; कायदा जारी करण्याचे काम तेवढे उरले.

पहिल्या उपायाने व्यक्तीची बूज राखली, परंतु नैतिक नकारास ‘असमर्थता’ म्हणून संविधानातील शब्दाचा अर्थ ताणला. दुसऱ्याने पदाची कक्षा आखडली. मात्र ती स्पष्ट केली. तत्त्व दोन्हीकडे एकच ठरले : मंत्र्यांना सल्ला देण्यास व सावध करण्यास राजा मोकळा असतो, लोकप्रतिनिधींचा निर्णय अडविण्यास नव्हे.