‘ठिसूळ’ आणि ‘सुषिर’

‘ऑस्टिओपोरोसिस’ या संज्ञेचा व्युत्पत्त्यर्थ अस्थींची सच्छिद्रता असा आहे. म्हणून ‘अस्थिसुषिरता’ हा पर्याय यथार्थ होय. व्यवहारात मात्र ‘हाडे ठिसूळ झाली’ असे म्हणतात, आणि त्या शब्दाच्या धाकाने गडचिरोलीतील टिपागड चढणारा मनुष्य घरी बसतो. परंतु पोकळ ते सारे ठिसूळ नव्हे. पोकळ बांबूही लवचिक असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरविलेली मर्यादा, म्हणजे निरोगी तरुणांच्या सरासरीहून २.५ प्रमाणविचलने खाली, ही अस्थिघनतेची आहे, साहसाची नव्हे. अस्थिभंगाचा धोका वाढतो, हे खरेच. म्हणून उड्या व पडण्याचे प्रसंग टाळावेत, कणा वाकवून ओझे उचलू नये. तथापि योग्य भाराविना अस्थी अधिकच क्षीण होतात. यास्तव वैद्यकीय सल्ल्याने चढण व तोलाचा सराव चालू ठेवणेच श्रेयस्कर.