उत्सव हवा आहे म्हणूनच बहिष्कार
नकाराचं बळ : भाग ६

मागच्या भागात आपण माँटगोमेरीचा बसबहिष्कार पाहिला. ३८१ दिवस पायपीट करणाऱ्या त्या माणसांचं बसशी वैर नव्हतं. त्यांना बस हवीच होती, फक्त तिच्यात मानानं बसायचं होतं. आजची गोष्टही अशीच आहे, पण ती घडते नैर्ऋत्य फ्रान्समधल्या आंगुलेम या छोट्या शहरात. तिथे १९७४ पासून सहसा जानेवारीच्या अखेरीस चित्रकथांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरत आला.

फ्रान्समध्ये चित्रकथेला कादंबरी-सिनेमाच्या पंगतीत पान आहे. महोत्सवाच्या चार दिवसांत शहरभर मंडप उभे राहतात आणि आवडत्या चित्रकाराकडून पुस्तकावर सही आणि छोटंसं चित्र मिळावं म्हणून वाचक तासन् तास रांगेत थांबतात. या महोत्सवात एखाद्या चित्रकाराच्या एकूण कामगिरीसाठी दिला जाणारा ‘ग्रां प्री’ हा या क्षेत्रातला जगातला फार मोठा सन्मान मानला जातो.

जानेवारी २०१६ मध्ये त्या सन्मानासाठी तीस नावांची यादी जाहीर झाली. तिशीच्या तिशी पुरुष होते. तोवरच्या चार दशकांत नेहमीचा ‘ग्रां प्री’ फ्लोरॉन्स सेस्ताक या एकाच स्त्रीला मिळाला होता, तोही २००० साली. क्लेर ब्रेतेशे यांना १९८३ मध्ये दशकपूर्तीचा विशेष पुरस्कार दिला होता, तेवढंच. चित्रकथेतल्या लिंगभेदाविरुद्ध आदल्याच वर्षी एकत्र आलेल्या स्त्री-चित्रकारांनी मतदारांना आवाहन केलं की, या यादीवर मतच देऊ नका. मतदार म्हणजे त्यांचेच सहव्यावसायिक होते.

पुढे जे घडलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. यादीतल्या रियाद सातूफ यांनी आपलं नाव काढून टाकायला सांगितलं. माझी जागा रुमिको ताकाहाशी, ज्युली दूसे, अनूक रिकार, मार्जान सात्रापी, कातरीन म्यूरिस यांच्यापैकी कुणाला द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. यादीत स्त्री-पुरुषांचा समतोल आला की आपण आनंदानं परत येऊ, असंही त्यांनी सांगितलं. मग डॅनियल क्लोझ, ख्रिस वेअर, चार्ल्स बर्न्स, मिलो मानारा अशी एकेक बडी नावं गळू लागली. चित्रकथेच्या इतिहासातच स्त्रिया कमी आहेत, तो इतिहास आम्ही कसा बदलणार, असा आयोजकांचा सुरुवातीचा पवित्रा होता. मग काही स्त्रियांची नावं घालायची तयारी झाली आणि शेवटी सगळी यादीच रद्द करून मतदारांना हवं ते नाव सुचवायची मुभा मिळाली. हे सारं काही दिवसांत झालं.

वगळलेल्यांनी तक्रार केली की तिला रड म्हणायची सोय असते. ज्यांना बोलावणं आलंय, सन्मान हाताशी आहे, त्यांनीच तो नाकारला की ती सोय उरत नाही. पुढे ताकाहाशींना २०१९ मध्ये, दूसेंना २०२२ मध्ये आणि रिकार यांना २०२५ मध्ये ‘ग्रां प्री’ मिळाला. दरम्यान २०२३ मध्ये तो स्वतः सातूफ यांनाही मिळाला. जागा सोडल्यानं त्यांचं काही गेलं नाही.

पण यादीत नाव येणं हा प्रश्नाचा एक भाग झाला. उत्सव उभा करणाऱ्या बाईला तिथे सुरक्षित वाटतं का, हा त्याहून अवघड भाग. जानेवारी २०२५ मध्ये ‘ल्युमानिते’ या वृत्तपत्रानं एक शोधवृत्तांत छापला. २०२४ च्या महोत्सवादरम्यान आपल्यावर बलात्कार झाल्याची तक्रार एका कर्मचारी स्त्रीनं केली होती आणि त्यानंतर तिला नोकरीवरून काढण्यात आलं होतं. काढण्याचं कारण वेगळं होतं, असं महोत्सव चालवणाऱ्या खासगी कंपनीचं म्हणणं आहे. त्याचा निवाडा न्यायालयाचा. चित्रकारांना मात्र निकालाची वाट पाहत बसायचं नव्हतं. तक्रार घेऊन आलेल्या बाईशी महोत्सव कसा वागतो, हिशेब कोण तपासतं, एकाच कंपनीच्या हाती सूत्रं किती वर्षं राहणार, हे त्यांचे प्रश्न होते.

नोव्हेंबरमध्ये महोत्सवाची मालक असलेल्या संस्थेनं पुढच्या काळासाठीही त्याच कंपनीला, एका सार्वजनिक संस्थेच्या जोडीनं, पसंती दिली आणि ठिणगी पडली. विद्यमान विजेत्या अनूक रिकार यांनीच पाऊल मागे घेतलं. दर वर्षी आदल्या विजेत्याचं मोठं प्रदर्शन भरतं. ते त्यांनी सोडलं. आधीचे कितीतरी विजेते त्यांच्यामागे उभे राहिले, मग प्रकाशक, आणि शेवटी पैसा पुरवणाऱ्या सरकारी संस्थाही. १ डिसेंबर २०२५ रोजी, २०२६ चा महोत्सव होणार नाही, असं जाहीर झालं.

किंमत कुणी मोजली? फ्रान्समधल्या चित्रकथाकारांच्या २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक जण किमान वेतनापेक्षा कमी कमावताना दिसले, आणि व्यावसायिक स्त्री-चित्रकारांपैकी निम्म्या दारिद्र्यरेषेखाली होत्या. अशा बाईसाठी हे चार दिवस म्हणजे नव्या पुस्तकाची विक्री आणि पुढच्या कामाची बोलणी. छोटे प्रकाशक, आंगुलेमची हॉटेलं, दुकानं यांचाही हंगाम बुडतो. हे नुकसान खरं आहे आणि त्याकडे काणाडोळा करणारा बहिष्कार मला मान्य नाही. मात्र गप्प राहण्याची किंमतही कुणीतरी देतच होतं. ती एकेकटीनं, कुणाच्या नजरेस न येता दिली जात होती.

म्हणून इथे एकजुटीला अर्थ आहे. ज्यांची सोसण्याची ऐपत जास्त, त्यांनी आधी पाऊल उचललं. बहिष्काराची हाक देणाऱ्यांनी त्याच दिवसांत ठिकठिकाणी चित्रकथांचे छोटे मेळावे भरवायचं ठरवलं, म्हणजे वाचक आणि चित्रकार यांची ताटातूट होऊ नये. नुसत्या रागातून निघालेला बहिष्कार आणि हा, यांतला फरक मला इथे दिसतो. मागण्या स्पष्ट होत्या आणि त्या पुऱ्या झाल्या तर परतायची इच्छाही होती.

निमंत्रण असताना न जाणं आपल्याकडेही घडलं आहे. १८८५ मध्ये पुण्याच्या ग्रंथकार सभेचं न्यायमूर्ती रानड्यांनी पाठवलेलं बोलावणं जोतीराव फुल्यांनी नाकारलं आणि त्यांचं उत्तर ‘ज्ञानोदया’त छापून आलं. पुढचा भाग त्या पत्रावर आहे. महात्मा फुले समग्र वाङ्मयात ते मिळेल. तोवर मूळ पत्र जरूर वाचून ठेवा.