मोहरीची मावशी

पाक चॉयचं बी तळहातावर घ्यावं आणि शेजारी मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर मोहरी. दोन्ही गोल, तपकिरी-काळी, दीड-दोन मिलिमीटरची. एकत्र झाली तर निवडणं मुश्कील. मोठ्या हॉटेलांत चिनी म्हणून वाढली जाणारी ही जाड पांढऱ्या देठांची पालेभाजी आपल्या फोडणीतल्या मोहरीची सख्खी मावशी आहे, आणि हे नातं मोजून सिद्ध करता येतं.

पाक चॉय ही ब्रासिका रापा या जातीची. तिच्या पेशीत गुणसूत्रांच्या 10 जोड्या. काळी मोहरी, म्हणजे ब्रासिका नायग्रा, हिच्यात 8. आणि आपण फोडणीला घालतो त्या मोहरीत, ब्रासिका जुन्सियात, बरोबर 18. दहा अधिक आठ! हजारो वर्षांपूर्वी या दोन जातींचा संकर झाला, दोघींची गुणसूत्रं एकाच रोपात नांदली आणि मोहरी जन्मली. कोरियन वडील आणि जपानी आई यांच्या पोटी टोकियोत जन्मलेल्या उ नागाहारू या शास्त्रज्ञाने 1935 साली हा हिशेब त्रिकोणात मांडला. रापा आणि नायग्रा दोन कोपऱ्यांवर, कोबी-फ्लॉवर-नवलकोलाची 9 जोड्यांची जात तिसऱ्यावर, आणि बाजूंवर त्यांची संकरित लेकरं. यातली मोहरीची आई कोण, तेही कळलं आहे. पानातली हरितलवकं आईकडून येतात आणि मोहरीतली हरितलवकं रापाची आहेत. पाक चॉय ही रापाच्याच घरातली, म्हणून मावशी.

या एकाच जातीतून माणसाने काय काय घडवलं! कुणी मूळ फुगवलं, त्याचा सलगम झाला. कुणी पानांचा गड्डा वळवला, तो चिनी कोबी. उत्तर भारताने तेलासाठी बी निवडलं, ती पिवळी सरसों. चीनमधल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या रुंद, रसदार देठाची रोपं राखली आणि पाक चॉय आकाराला आली.

आता ती कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर का लावावी, ते सांगतो. डोंगरावरचं वाडी रत्नागिरी गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 3100 फुटांवर, कोल्हापूर शहर 1800 च्या आसपास. एक किलोमीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, या हिशेबाने डोंगरावरची हवा शहरापेक्षा अडीचेक अंशांनी थंड. थंडीत ती पाक चॉयला फार मानवते. बाहेरून आलेलं झाड या डोंगररांगेला नवीनही नाही. शेजारच्या पन्हाळ्याच्या बाजूला राजर्षी शाहू महाराजांनी चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले होते. त्यापुढे आपला हा वाफा लहान, पण कुतूहल तेच.

दिवाळी झाली की पेरणी करावी. वाफा नसेल तर रुंद तोंडाची कुंडी किंवा फळांचा क्रेट चालतो. माती भुसभुशीत, चांगलं कुजलेलं शेणखत, बी अर्धा-पाऊण सेंटीमीटर खोल. चार-पाच दिवसांत माती तडकते आणि मान वाकवलेला कोंब वर येतो. ही मान वाकवण्यात मोठं शहाणपण आहे: मातीशी झगडायला वाकलेली मान पुढे, वाढीचा नाजूक शेंडा मागे सुरक्षित. उजेड लागला की मान सरळ होते आणि मधोमध खाच असलेली दोन बदामी दलं उघडतात. मोहरीची दलंही हुबेहूब तशीच. पुढे विरळणी करून दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावं. काढलेली रोपं कोशिंबिरीत घालावीत. महिन्याभरात कोवळी पानं मिळतात, दीड महिन्यात पूर्ण गड्डी. बाहेरची पानं खुडत गेलं तर रोप आतून नवी देत राहतं.

पाणी मात्र नेमाने द्यावं. कॅल्शियम मुळांकडून पानांकडे पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढतं आणि एकदा एका पानात बसलं की तिथून दुसरीकडे जात नाही. पाण्यात खंड पडला की सर्वांत आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात; मातीत कॅल्शियम असूनही! हे कॅल्शियम खाणाऱ्यालाही लाभतं. पालकातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटने बांधलेलं असतं, आपल्या अंगी फार थोडं लागतं. पाक चॉयमध्ये ऑक्झॅलेट कमी, त्यामुळे तिच्यातल्या कॅल्शियमचा शरीरात शोषला जाणारा वाटा दुधातल्यापेक्षाही मोठा असतो.

मला सर्वांत थक्क करतो तो हिचा तिखटपणा. कच्चं देठ चावलं की जिभेला किंचित झणका लागतो, पण पान नुसतं हुंगलं तर काही नाही. कारण पेशींमध्ये दोन पदार्थ वेगवेगळ्या जागी ठेवलेले असतात: गंधकयुक्त ग्लुकोसिनोलेट आणि ते फोडणारं मायरोसिनेज हे विकर. दात किंवा किडीचा जबडा लागला की दोन्ही एकत्र येतात आणि तिथल्या तिथे झणका तयार होतो. लोणच्यासाठी पाण्यात फेसलेली मोहरी नाकात झिणझिण्या आणते, फोडणीत तडतडलेली मात्र आणत नाही, त्याचंही हेच कारण. गरम तेलात विकर आधीच निकामी होतं.

आणि या संरक्षणावरही मात करणारी एक कीड आहे: चौकोनी ठिपक्याचा पतंग. कोबीवाल्या शेतकऱ्यांना तो चांगलाच ठाऊक आहे. त्याच्या अळीच्या आतड्यात एक विकर असतं; झणका तयार होण्याआधीच ते ग्लुकोसिनोलेटमधला गंधकाचा तुकडा, सल्फेट, छाटून टाकतं. 2002 साली हे उलगडलं. एवढंच नव्हे, ज्या रसायनांनी इतर किडी दूर पळतात, त्यांच्याच मागावर मादी अंडी घालायला येते. म्हणून कोबीत मोहरीचं सापळा पीक घेतात: पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. मादी मोहरीकडे वळते. घरच्या वाफ्याला कडेने डब्यातलीच मोहरी पंधरवडाभर आधी पेरावी. भाची मावशीचं रक्षण करते, यापेक्षा सुंदर शेजार मला माहीत नाही. मोहरीच्या पानांखाली अळ्या, जाळी दिसली की ती पानं खुडून नष्ट करावीत, मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा द्यावा.

माघी पौर्णिमेनंतर जोतिबाच्या दर्शनाचे खेटे सुरू होतात. अनवाणी कोल्हापूरकर रविवारी डोंगर चढू लागतात तेव्हा ऊन कडक होऊ लागलेलं असतं आणि वाफ्यात गड्डीच्या मधोमध दांडा उभा राहतो. आमच्याकडे म्हणतात, भाजी फुलावर आली. रोपाला दिवसाची लांबी कळते, उकाडा कळतो. आणि थंड प्रदेशांत तर भिजून फुगलेलं बीसुद्धा लागलेली थंडी लक्षात ठेवतं. फुलोरा अडवून धरणारं जनुक थंडीत हळूहळू बंद होतं, पुढे दिवस मोठे झाले की दांडा वर येतो. कोबीला ही थंडी जाणवायला रोप बऱ्यापैकी वाढलेलं असावं लागतं, रापाला बीपासूनच जाणवते. आपल्याकडे मात्र घाई उन्हाची. म्हणून भाजी खाऊन संपवावी ती खेट्यांच्या आत. लसूण, हिरवी मिरची, मोहरीची फोडणी, आधी चिरलेले देठ, ते पारदर्शक झाले की पानं, मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं. झाकण नको, हिरवा रंग जातो.

बी धरायचं असेल तर एकच रोप राखून उपयोग नाही. चार पिवळ्या पाकळ्यांचं हे फूल आपलाच पराग ओळखतं आणि नाकारतं. दुसऱ्या रोपाचा पराग मधमाश्यांनी आणावा लागतो. पाच-सहा रोपं एकत्र फुलू द्यावीत. त्याच वेळी शेजारी सलगम फुलला असेल तर मात्र बी भेसळीचं निघेल, कारण जात एकच. शेंगा वाळक्या गवताच्या रंगावर आल्या की फुटण्याआधी, सकाळच्या ओलाव्यात कापाव्यात, कापडावर वाळवाव्यात. आणि बरणीवर नाव लिहायला विसरू नये, नाहीतर पुढच्या दिवाळीपर्यंत ते बी फोडणीत जाईल.